एक रकाना कमी पडला

 

आज आम्ही सायकलीबद्दल बोलणार आहोत. सायकल शिका, सायकल चालवा, हे तर आपण नेहमीच सांगतो. आजची गोष्ट जरा वेगळी आहे. मोबाइलवर मोजलेल्या सायकलीच्या किलोमीटरवरून आमच्या ग्रामसंघात भांडण झालं. सहा वर्षांत एकही बैठक न चुकवलेली एक मावशी बैठकीला यायची बंद झाली. चूक कुणाची, हे शोधायला गेलो, तर ती आमच्याच वहीत सापडली. ही गोष्ट तुमच्याही गावात घडू शकते, म्हणून सांगतो.

झालं असं. महिला दिनाच्या आधी ३० दिवस सायकल चालवायची, असा उपक्रम आम्ही ठरवला. २३ जणींनी नाव दिलं. ज्यांच्याकडे साधा फोन होता, त्यांनी जोडीदारणीच्या फोनवर नोंद करायची. बाकीच्यांनी फोनवर सायकल मोजणारं ॲप घ्यायचं, निघताना चालू करायचं, पोचल्यावर बंद करायचं. दर रविवारी व्हॉट्सॲप गटावर यादी टाकायची. यादीत दोन गोष्टी मोजायच्या. एक, एकूण किलोमीटर किती झाले. दुसरी, खिंडीचा चढ कुणी किती मिनिटांत चढला. आमच्या गावाहून बाजारगाव ८ किलोमीटर. बराचसा रस्ता सपाट, पण शेवटी दीड किलोमीटरची खिंड आहे. तिथं भलेभले उतरून सायकल ढकलतात.

पहिल्या रविवारी यादी आली. दोन्हीकडे पहिला नंबर आमच्या भाजीवाल्या मावशीचा. वय पन्नाशीच्या जवळ, एक गुडघा दुखरा, आणि खिंड चढली ५ मिनिटांत! दुसऱ्या नंबरावर होती एक बाविशीची सून. ती सासऱ्यांची जुनी, जड सायकल घेऊन शिवणक्लासला जाते. तिला खिंडीला साडेअकरा मिनिटं लागली होती. पायडलवरून एकदाही न उतरता.

मावशीची सायकल विजेवर चालणारी आहे. गटातून कर्ज घेऊन तिनं ती घेतली, हप्ते वेळेवर फेडतेय. पूर्वी ती भाजीच्या पाट्या घेऊन वडापनं जायची, रोजचे पैसे त्यातच जायचे. आता स्वतःच्या वेळेनं जाते, स्वतःच्या वेळेनं येते.

यादी आल्यावर कुणीतरी गटावर लिहिलं, ‘बटण दाबून पहिला नंबर.’ त्याखाली हसण्याची चित्रं पडली. एकीनं लिहिलं, ‘मग मीपण मालकांची मोटारसायकल घेते.’ रात्री बघितलं तर मावशी गट सोडून गेलेली. पुढच्या बैठकीला तिची बचत तिच्या मुलीच्या हातून आली. मावशी आली नाही. त्याच्या पुढच्या बैठकीलाही नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. चहा दिला, पण बोलेना. शेवटी म्हणाली, “पोरींनो, मी सायकल कुठं लपवली होती का? पहिल्या दिवशी तुम्हीच तिला हार घातला की!”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. हार आम्हीच घातला होता. वहीत मात्र आम्ही चार रकाने आखले होते. अनुक्रमांक, नाव, किलोमीटर, खिंडीची मिनिटं. सायकल कोणती, हा रकानाच नव्हता. मावशी खोटं बोलली नव्हती. खरं लिहायला आम्ही तिला जागाच ठेवली नव्हती.

मग आम्ही त्या सुनेकडे गेलो. गटावर तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, “ताई, मला मावशींचा राग नाही. नंबरपण नको. पण खिंडीत माझा जो दम लागतो, तो कुणीतरी मोजायला पाहिजे होता.”

आता सांगा मैत्रिणींनो, दोघींपैकी चूक कोण? आम्हाला दोघीही बरोबर वाटल्या. दोघीही बरोबर असताना भांडण होतं, तेव्हा समजायचं की मोजण्यात काहीतरी चुकलंय.

म्हणून आम्ही आधी ती सायकल नीट समजून घेतली. या सायकलीत एक बॅटरी असते आणि चाकात किंवा पायडलपाशी छोटी मोटर असते. पाय मारला की मोटर मदत करते, पाय थांबला की मदत थांबते. ही झाली पायडलची मदत. काही सायकलींना वर मूठही असते. मूठ पिळली की पाय न मारताच सायकल पळते. आणि मोटर बंद ठेवली, तर ती नेहमीची सायकलच, फक्त बॅटरीमुळे जड. म्हणजे एकाच सायकलीवर तीन तऱ्हेनं जाता येतं. आपल्या देशात मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा सायकलीला मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स लागत नाही, नोंदणीचा नंबर लागत नाही.

२५० वॅट म्हणजे किती? आपल्यासारखी साधारण तब्येतीची बाई तासभर सलग पायडल मारत राहिली, तर तिच्या पायांची ताकद साधारण ७५ ते १०० वॅट भरते. म्हणजे मोटर पूर्ण जोरात असली, की मावशीच्या मागे आणखी अडीच-तीन बायका पायडल मारतायत असं समजा.

पण ही मदत सगळीकडे सारखी नसते, आणि आम्हाला खरा उलगडा इथंच झाला. आम्ही एका विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडून हिशेब करून घेतला. सपाट डांबरी रस्त्यावर १०० वॅट ताकद लावणारी बाई ताशी २० किलोमीटरच्या जवळ जाऊ शकते. मोटरची मदत २५ च्या आत थांबते. म्हणजे फरक फार नाही. आता चढ धरा. १०० मीटर पुढं गेलं की ५ मीटर वर चढायचं, असा. तिथं नुसत्या पायांवर वेग येतो ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. मोटर पूर्ण जोरात असेल तर २० च्या घरात. अडीच पट! सपाटीवर वारा अडवतो, चढावर आपलं आणि सायकलीचं वजन मागे ओढतं, आणि ते वजन मोटर उचलते. म्हणून एकूण किलोमीटरच्या यादीत अन्याय थोडा होता, खिंडीच्या यादीत मोठा होता. गटावरच्या बायांना काहीतरी खटकत होतं, ते उगीच नव्हतं. फक्त बोलायची तऱ्हा चुकली.

आता तुम्ही म्हणाल, ॲपला एवढं कळत नाही का? नाही कळत. फोन आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा समजून घेतो. कुठं होतो, किती वाजता होतो, एवढंच त्याला ठाऊक. त्यावरून तो अंतर आणि वेग काढतो. पाय कुणाचे, ताकद कुणाची, हे त्याला दिसत नाही. आमच्या एका ताईनं परत येताना वडापमध्ये बसल्यावर ॲप बंदच केलं नाही. तिचा सायकलीचा वेग ताशी ४२ किलोमीटर निघाला! ती चूक आकड्यावरूनच ओळखू आली, सगळ्या हसलो आणि नोंद पुसली. पण वीस-बावीसचा वेग दिसला तर? तो दणकट पायांचाही असेल, मोटरचाही असेल. आकड्याला विचारून कळत नाही. ज्या बाईची सायकल, तिलाच विचारावं लागतं.

आणि हा प्रश्न आपल्या एका गावाचा नाही. स्ट्रावा नावाचं एक ॲप आहे, २००९ साली अमेरिकेत सुरू झालेलं. जगभरातले सायकलवाले आपल्या फेऱ्या त्यावर टाकतात. आपल्या खिंडीसारखे रस्त्यांचे तुकडे त्यावर ठरवलेले असतात, आणि त्या तुकड्यावर सगळ्यांत वेगवान बाई कोण, हे यादीत दिसतं. तिला ते डोंगराची राणी म्हणतात. एखादीनं वर्षभर घाम गाळून तो मान मिळवलेला असतो, आणि एका दुपारी कुणीतरी मोटरवर आरामात चढून जातं, नोंद मात्र साध्या सायकलीची होते. म्हणून त्या ॲपवर ई-सायकलची फेरी हा वेगळा प्रकार ठेवलाय, त्याची यादीही वेगळी. प्रकार चुकला असेल तर ज्याचा त्याला नंतर बदलता येतो, आणि दुसऱ्या कुणाला शंका आली तर त्या नोंदीवर खूण करून कळवता येतं. बऱ्याचदा कुणी मुद्दाम फसवत नाही. प्रकार निवडायचाच राहून जातो.

मुद्दाम फसवणंही घडलंय. २०१६ च्या जानेवारीत बेल्जियममधल्या झोल्डर इथं सायक्लो-क्रॉसची जागतिक स्पर्धा होती. चिखलातून, चढउतारावरून जाणारी ही शर्यत. २३ वर्षांखालच्या मुलींच्या शर्यतीत १९ वर्षांच्या एका खेळाडूसाठी ठेवलेल्या सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. ती सायकल माझी नाही, ओळखीच्याची आहे, असं तिचं म्हणणं होतं. सायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं तिच्यावर ६ वर्षांची बंदी घातली आणि २० हजार स्विस फ्रँक दंड केला.

पण पुढचं ऐका. त्याच महासंघानं २०१९ साली कॅनडात ई-माउंटन बाइकची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. मोटरच्या सायकलींची, पुरुषांची आणि महिलांची. जिंकणाऱ्यांना जगज्जेतेपदाचा मान. ज्यांनी लपवलेल्या मोटरीला ६ वर्षांची बंदी घातली, त्यांनीच उघड्या मोटरीला मैदान दिलं. म्हणजे गुन्हा मोटरीचा नव्हता. मोटर असून नाही म्हणणं, हा गुन्हा होता.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा एक आक्का पटकन म्हणाल्या, “अगं, मग यात नवीन काय? बैलगाड्याच्या शर्यतीत आदत वासरांचं मैदान वेगळंच असतं की!” खरंच की! ज्याचे दुधाचे दातही पडले नाहीत, तो खोंड थोराड बैलांबरोबर कुणी पळवत नाही. तालमीत कुस्ती लावतानाही वजनाचे गट करतात. कमी वजनाच्या पैलवानाला कुणी लबाड म्हणत नाही आणि जास्त वजनाच्यालाही नाही. गट वेगळा, मान दोघांचा. आपल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मोबाइलवर यादी आली, आणि आपण ते विसरलो.

एका ताईनं विचारलं, ‘मग ई-सायकलवाल्यांचा व्यायाम तरी होतो का? उगाच कौतुक!’ रास्त प्रश्न आहे. पायडल मारून मोटरची मदत घेणाऱ्यांचा व्यायाम होतो. दर मिनिटाला कष्ट कमी पडतात, हे खरं. पण २०१९ साली युरोपातल्या ७ शहरांतल्या १० हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ई-सायकलवाल्यांची शरीराची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास सारखीच निघाली, कारण ई-सायकलवाले जास्त लांब जात होते. आमच्या मावशीचंही तेच आहे. दुखऱ्या गुडघ्यानं ती पाट्या घेऊन खिंड कधी चढलीच नसती. मोटर आली म्हणून सायकल आली. मूठ पिळून गेलेले किलोमीटर मात्र व्यायामाचे नाहीत, ते प्रवासाचे. तेही लिहा, पण वेगळे लिहा.

आणि न्याय करायचा तर फक्त मोटरच का बघायची? कुणाची गिअरची सायकल, कुणाची जुनी जड. कुणी रिकामी जाते, कुणी मागं गवताचा भारा बांधून. कुणाला घरून तासभर मोकळीक, कुणाचं तान्हं बाळ घरी. प्रत्येक गोष्टीला रकाना करत बसलो, तर २३ बायांना २३ याद्या लागतील आणि प्रत्येक जण पहिली येईल! म्हणून आम्ही ठरवलं की ताकद यंत्राची आहे की पायांची, तेवढ्यापुरते गट करायचे. बाकी सगळ्याची तुलना आपली आपल्याशी. मागच्या महिन्यात मी कुठं होते, आज कुठं आहे.

मग ती बैठक झाली. मावशीला बोलवायला आम्ही पुन्हा घरी गेलो होतो. ती म्हणाली, “बक्षीस नको मला. मी लबाडी केली नाही, एवढं चारचौघींत सांगा.” आम्ही ते नुसतं सांगितलं नाही, इतिवृत्तात लिहिलं. ‘सायकलीचा प्रकार नोंदवायची सोय समन्वयकांनी केली नव्हती. ही चूक समन्वयकांची आहे. सदर सदस्येनं कोणतीही माहिती लपवली नाही.’ अध्यक्षांनी वाचून दाखवलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. ‘बटण दाबून’ असं लिहिणारी ताई उठून मावशीच्या शेजारी जाऊन बसली. फार काही बोलली नाही. मावशीनं तिला पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून दिली.

याद्या दोन केल्या. साध्या सायकलीच्या यादीत सून पहिली आली. खिंडीची तिची साडेअकरा मिनिटं सगळ्यांसमोर वाचली, तेव्हा टाळ्या वाजल्या आणि सर्वांत जोरात मावशीनं वाजवल्या. ई-सायकलच्या यादीत मावशी एकटीच. एकटीला पहिला नंबर कसला, म्हणून तिनं स्वतःच तो घेतला नाही. तिचं नाव, किलोमीटर आणि नेलेल्या भाजीचं वजन मात्र वाचलं. बक्षीस एकच आणलं होतं. मावशीसाठी एक भेट आम्ही समन्वयकांनी आमच्या मानधनातून आणली, कारण चूक आमची होती आणि चुकीचा खर्च गटाच्या पैशातून करायचा नसतो.

तुमच्या गटात असा उपक्रम घेणार असाल, तर आमच्या अनुभवातून एवढं करा.

पहिलं, सुरुवातीलाच वहीत सायकलीचा प्रकार लिहा. साधी, पायडलची मदत, की मूठ पिळून. ॲपमध्येही तोच प्रकार निवडायला शिकवा. एकदा सगळ्यांच्या हातून करून घ्या.

दुसरं, कधी मोटर चालू, कधी बंद असं चालवलं, तर ती फेरी मोटरच्या गटात धरा. वाद उरत नाही.

तिसरं, नोंद चुकली तर आठवड्यात दुरुस्त करायची मुभा ठेवा. ॲप बंद करायचं राहिलं, हा गुन्हा नाही.

चौथं, शंका आली तर गटावर लिहू नका. आधी त्या बाईला एकटीला विचारा. निम्म्या शंका तिथंच मिटतात.

पाचवं, आणि हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं. ॲपवर आपला रस्ता नकाशात दिसतो. घर कुठं, किती वाजता निघतो, सगळं. ते अनोळखी माणसांना दिसू देऊ नका. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन नोंद फक्त आपल्यापुरती ठेवा, घराजवळचा भाग झाकता येत असेल तर झाका. यादीसाठी फक्त किलोमीटर आणि मिनिटं लागतात, पत्ता लागत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय आहे? नियमित लेखे. बचतीचा रकाना वेगळा, कर्जाचा वेगळा, व्याजाचा वेगळा. कर्जाचे पैसे बचतीत लिहिले, तर बेरीज मोठी दिसते, पण वही खोटी होते. आणि म्हणून कर्ज घेणं वाईट असं आपण म्हणतो का? नाही. कर्ज घेऊनच तर मावशीची सायकल आली. फक्त ते कर्जाच्या रकान्यात लिहायचं. मोटरीचंही तसंच आहे.

मावशी आता दर बैठकीला येते. बचत स्वतःच्या हातानं देते. येत्या वर्षी आणखी दोघी ई-सायकल घेणार आहेत, तेव्हा तिच्या यादीत स्पर्धा होईल. आणि सून परवा सांगत होती, खिंड आता साडेदहा मिनिटांत होते. यादीसाठी नाही हं. तिनं ते आपल्या आपण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, तारखेसकट.

तुमच्या गावात असं काही घडलं असेल, तुम्ही दुसरी एखादी तऱ्हा काढली असेल, तर गटाच्या बैठकीत बोला, आम्हालाही कळवा. आता रजा घेतो. नमस्कार.